ब्लॉक की चार्ज? बास्केटबॉलमधला हा निर्णय कॅमेऱ्यालाही अवघड का जातो

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना इंटर-डिपार्टमेंट बास्केटबॉलच्या फायनलला शिट्टी माझ्या गळ्यात होती. मी काही ट्रेनिंग घेतलेला रेफरी नव्हतो. कॉलेजच्या टीममध्ये बेंचवर बसायचो, नियम साधारण माहीत होते आणि त्या दिवशी दुसरं कोणी तयार नव्हतं, एवढंच.

शेवटचं मिनिट, एका पॉइंटचा फरक. माझा रूममेट बॉल घेऊन बास्केटकडे सुसाट निघाला, मधे एक डिफेंडर आला, दोघं आपटले आणि दोघंही सिमेंटवर पडले. बॉल बास्केटमध्ये गेला होता. मी शिट्टी वाजवली आणि चार्ज दिला. बास्केट रद्द, बॉल समोरच्या टीमला. आमची मॅच तिथेच गेली.

रात्री रूमवर त्याने एकच प्रश्न विचारला, "तुला खरंच दिसलं का रे?" खरं सांगायचं तर नव्हतं दिसलं. मी बॉलकडे बघत होतो. डिफेंडर ज्या पद्धतीने पाठीवर पडला, त्यावरून मी अंदाज बांधला. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो आम्ही वीस वेळा पुढेमागे करून बघितला, तरी एकमत झालं नाही.

तेव्हा वाटलं होतं, चांगला कॅमेरा असता तर प्रश्न सुटला असता. नंतर नियम नीट वाचले, एनबीएतली प्रकरणं बघितली, आणि लक्षात आलं की गोष्ट इतकी सोपी नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी ब्लॉक आणि चार्ज म्हणजे काय?

अटॅक करणारा खेळाडू आणि डिफेंडर यांची धडक झाली, तर चूक कोणाची हे रेफरीला ठरवावं लागतं.

- ब्लॉक: डिफेंडर उशिरा किंवा चुकीच्या पद्धतीने वाटेत आला. फाउल डिफेंडरचा. शूट करताना धडक झाली असेल तर दोन फ्री थ्रो. बॉल आत गेला असेल तर बास्केट धरलं जातं, वर एक फ्री थ्रो.
- चार्ज: डिफेंडरने ती जागा आधीच नियमानुसार घेतली होती आणि अटॅकर त्याच्या छातीत घुसला. फाउल अटॅकरचा. बॉल समोरच्या टीमला.

म्हणजे एका शिट्टीवर दोन-तीन पॉइंट इकडचे तिकडे होतात. शिवाय ज्याच्या नावावर फाउल लागतो त्याचा कोटा कमी होतो. फिबाच्या नियमांत, म्हणजे भारतासह बहुतेक जग ज्या नियमांनी खेळतं त्यांत, पाच फाउलनंतर खेळाडू बाहेर जातो. एनबीएत सहा फाउलनंतर. टीमचा मुख्य खेळाडू चार फाउलवर असेल, तर हा एक निर्णय मॅच फिरवतो.

नियम नेमकं काय विचारतो?

आपल्या भाषेत, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत, हा नियम साधारण असा लिहिता येईल:

१. डिफेंडरने आधी समोर तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून आपली जागा घेतली होती का? नसेल तर ब्लॉक.
२. घेतली असेल, तर ती अटॅकरच्या 'ठरलेल्या क्षणाच्या' आधी घेतली का? नसेल तर ब्लॉक.
३. आधी घेतली असेल, तर धडक डिफेंडरच्या धडावर बसली का? की त्याने खांदा, ढोपर, हात बाहेर काढला होता? बाहेर काढला असेल तर फाउल डिफेंडरचा.
४. मदतीला आलेला डिफेंडर बास्केटखालच्या अर्धवर्तुळात उभा होता का? असेल तर सहसा चार्ज मिळत नाही.
५. हे सगळं पार झालं तर चार्ज.

यातली दुसरी ओळ सगळ्यात अवघड आहे. तिच्याकडे वळण्याआधी तीन गैरसमज दूर करूया, कारण आमच्या रूमवरची अर्धी भांडणं यांच्यामुळेच झाली होती.

"डिफेंडर हलत होता, म्हणजे ब्लॉक." चूक. एकदा योग्य जागा घेतली की डिफेंडरला बाजूला किंवा मागे सरकता येतं, जागच्या जागी सरळ वर उडीही मारता येते. पुढे घुसून धडक दिली तर मात्र फाउल त्याचा. पुतळ्यासारखं उभं राहायची अट नियमात नाही.

"डिफेंडर पडला, म्हणजे चार्ज." चूक. पडणं हा पुरावा नाही. उलट मुद्दाम पडण्याला आता शिक्षा आहे. एनबीएने २०२३-२४ पासून अशा नाटकासाठी मॅच चालू असतानाच टेक्निकल फाउल आणि समोरच्या टीमला एक फ्री थ्रो द्यायला सुरुवात केली.

"पाय अर्धवर्तुळाच्या बाहेर होते, म्हणजे चार्ज." हाही चूक. बाहेर असणं ही फक्त एक अट आहे. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुढे येणारच आहे.

खरी अडचण: दोन घटनांचा क्रम

तुम्ही सर्व्हरचे लॉग वाचत असाल, तर ही अडचण लगेच ओळखाल. दोन वेगळ्या मशीनवर दोन घटना घडल्या. आधी कोणती घडली? दोन्हींची घड्याळं जुळलेली नसतील तर टाइमस्टॅम्प बघूनही खात्रीने सांगता येत नाही.

रेफरीचं तेच होतं. एक घटना जमिनीजवळ घडते: डिफेंडरचे पाय टेकले, धड समोर आलं. दुसरी घटना कमरेच्या वर घडते: अटॅकरने बॉल उचलला, शरीर वर निघालं. या दोन घटनांमध्ये सेकंदाचा छोटासा तुकडा असतो आणि बघायला डोळ्यांची एकच जोडी. नजर पायांवरून बॉलकडे उडी मारते तेव्हा त्या उडीच्या काळात आपल्याला जवळपास काहीच नीट दिसत नाही. मेंदू ती फट मागाहून भरून काढतो, आणि आपल्याला वाटतं सलग दिसलं.

खेळाडूंनाही विचारून उपयोग नाही, कारण दोघंही प्रामाणिकपणे वेगवेगळं सांगतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी यावर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन माणसांनी जवळपास एकाच वेळी एकमेकांच्या हाताला स्पर्श करायचा आणि कोणाचा स्पर्श आधी झाला ते सांगायचं. लोकांना आपला स्वतःचा स्पर्श साधारण ५० मिलिसेकंद आधी झाल्यासारखा वाटत होता. म्हणजे "मी आधी पोचलो होतो" असं दोघंही म्हणतात तेव्हा दोघांपैकी कोणी खोटं बोलत असेलच असं नाही.

चांगले रेफरी काय करतात?

रेफरींच्या ट्रेनिंगमधला एक जुना धडा आहे: आधी डिफेंडरकडे बघा. ऐकायला उलटं वाटतं, कारण आपलं सगळ्यांचं लक्ष बॉलकडे असतं. माझंही होतं, तीच चूक झाली.

यामागचं लॉजिक साधं आहे. दोन घटना एकाच वेळी बघायला जाऊ नका. डिफेंडर जागेवर आला की नाही हे आधी बघून डोक्यात एक फ्लॅग सेट करून ठेवा, हो किंवा नाही. मग अटॅकरची उडी नजरेच्या कडेने आली तरी चालते, कारण अर्धं उत्तर तुमच्याकडे आधीच तयार असतं. धडक झाल्यावर आठवून ठरवायची वेळ आली, तर तुम्ही बघितलेलं सांगत नाही, अंदाज सांगता.

दुसरा उपाय म्हणजे कामाची वाटणी. एनबीएत तीन रेफरी असतात. एक बेसलाइनजवळ, एक बाजूला, एक मागे. कोणी कोणत्या भागावर नजर ठेवायची, दुसऱ्या बाजूने मदतीला धावून येणारा डिफेंडर कोणाचा, हे आधीच ठरलेलं असतं.

पण वाटणी केली की एक नवीन बग येतो. समजा दोन रेफरींनी एकाच धडकेवर शिट्टी वाजवली, एकाने दोन्ही हात कमरेवर ठेवून ब्लॉक दाखवला आणि दुसऱ्याने चार्जची खूण केली. अमेरिकेत या प्रकाराला 'ब्लार्ज' असं गमतीशीर नाव आहे. तिथल्या शालेय बास्केटबॉलमध्ये यावर वर्षानुवर्षं एकच तोडगा होता: दोन्ही फाउल धरा, दोघांनाही शिक्षा. तर्काने हे अशक्य आहे, एकाच धडकेत दोघांची बाजू चूक कशी असेल? पण दोन थ्रेडनी एकाच व्हेरिएबलमध्ये वेगवेगळी किंमत लिहिली की सिस्टिमचं काय होतं, ते आपल्याला माहीतच आहे. म्हणून अनुभवी रेफरी अशा वेळी शिट्टी वाजवून फक्त मूठ वर करतात, सहकाऱ्याकडे बघतात आणि ज्याचा तो भाग असेल त्याला खूण करू देतात. हे चक्क लॉकिंग आहे!

अर्धवर्तुळ: मोजता येणारा भाग

बास्केटखाली जमिनीवर एक अर्धवर्तुळ आखलेलं असतं. एनबीएने ते १९९७-९८ च्या सीझनमध्ये आणलं, त्रिज्या ४ फूट. फिबाने २०१० मध्ये आणलं, त्रिज्या १.२५ मीटर. कल्पना अशी, की बास्केटच्या अगदी खाली येऊन उभं राहायचं आणि हवेतून उतरणाऱ्या खेळाडूच्या वाटेत धडक घ्यायची, हा बचाव नव्हे. त्यात हवेतला माणूस जबर जखमी होऊ शकतो. म्हणून तिथे चार्ज नाही.

आमच्या कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर ही रेघ नव्हतीच, त्यामुळे तो वाद आमच्या वाट्याला आला नाही.

तांत्रिक दृष्टीने हा नियमाचा सगळ्यात सोपा भाग आहे. पाय रेघेच्या आत की बाहेर, हा जागेचा प्रश्न आहे. क्रिकेटमध्ये नो-बॉल बघतात तसंच. फ्रीझ केलेल्या एका फ्रेमवर उत्तर मिळतं. म्हणूनच एनबीएने रिप्लेसाठी आधी हाच भाग उघडला. २०१२-१३ पासून मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि ओव्हरटाइममध्ये, डिफेंडर अर्धवर्तुळात होता का, हे व्हिडिओवर बघायची मुभा रेफरींना मिळाली.

आणि इथेच आपली गोष्ट रंगते.

३१ मे २०१८, ओकलंड

एनबीए फायनल्सची पहिली मॅच. क्लीव्हलँड कॅव्हलिअर्स विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स. ३६.४ सेकंद बाकी, क्लीव्हलँड १०४-१०२ ने पुढे. केविन ड्युरंट बास्केटकडे निघाला, मदतीला लेब्रॉन जेम्स आडवा आला आणि धडक झाली. कोर्टवरचा निर्णय: चार्ज. बॉल क्लीव्हलँडचा.

रेफरी मॉनिटरकडे गेले. कारण काय, तर लेब्रॉनचे पाय अर्धवर्तुळात होते का, याची शंका. व्हिडिओ बघितला. पाय बाहेर होते, आणि चांगलेच बाहेर. म्हणजे ज्या प्रश्नासाठी व्हिडिओ उघडला, त्याचं उत्तर चार्जच्या बाजूने होतं.

पण नियम असा होता, की एकदा मॉनिटरवर गेलात की डिफेंडरने वेळेत योग्य जागा घेतली होती का, हेही बघता येतं. रेफरींनी ते बघितलं आणि ठरवलं की ड्युरंटची शूटची हालचाल सुरू झाली त्याआधी लेब्रॉन जागेवर आला नव्हता. चार्जचा ब्लॉक झाला. ड्युरंटने दोन्ही फ्री थ्रो टाकले, १०४-१०४.

पुढचं अनेकांना आठवत असेल. १०७-१०७ वर मॅच ओव्हरटाइममध्ये गेली, वॉरियर्स १२४-११४ ने जिंकले. लेब्रॉनचे ५१ पॉइंट वाया गेले. सीरिज ४-० अशी संपली.

निर्णय बरोबर की चूक यावर लोक अजून भांडतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कॅमेऱ्याला जागेचा प्रश्न विचारला, त्याने लख्ख उत्तर दिलं. मग त्याच कॅमेऱ्याला वेळेचा प्रश्न विचारला, आणि तिथे पुन्हा माणसालाच ठरवावं लागलं की 'हालचाल सुरू झाली' ती नेमकी कोणत्या फ्रेममध्ये. कोर्टवर तीन रेफरी, समोर स्लो मोशन, तरी एकच धडक दोन मिनिटांत दोन वेगळ्या नावांनी ओळखली गेली.

मग जास्त चांगला कॅमेरा आणला तर?

थोडं गणित करूया. समजा खेळाडू सेकंदाला ५ मीटर वेगाने येतोय.

- सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दोन फ्रेममध्ये तो २० सेंटिमीटर सरकतो.
- ३० फ्रेमवर, म्हणजे आमच्या त्या मोबाइलच्या व्हिडिओवर, साधारण १७ सेंटिमीटर.
- ६० फ्रेमवर साधारण ८ सेंटिमीटर.

एका फ्रेममध्ये डिफेंडरचा पाय हवेत, पुढच्या फ्रेममध्ये जमिनीवर. मधे काय झालं ते व्हिडिओत नाहीच. त्यामुळे वीस वेळा बघूनही आमचं भांडण मिटलं नाही. ती माहिती आमच्याकडे नव्हतीच.

एनबीएची साधनं अर्थातच खूप पुढे गेली आहेत. २०१३-१४ मध्ये प्रत्येक एरिनात स्पोर्टव्ह्यू नावाची सिस्टिम बसली, सहा कॅमेरे आणि सेकंदाला २५ वेळा खेळाडूंची जागा टिपणारी. त्यात खेळाडू म्हणजे कोर्टवरचा एक ठिपका होता. २०१४ मध्ये न्यू जर्सीतल्या सेकॉकसला रिप्ले सेंटर सुरू झालं. २०१९-२० पासून कोचला निर्णयाला आव्हान देता येतं, आणि २०२३-२४ पासून पहिलं आव्हान यशस्वी झालं तर दुसरंही मिळतं. त्याच सीझनपासून हॉक-आय आलं. हो, आपल्या क्रिकेटच्या डीआरएसमधलं तेच नाव. बास्केटबॉलमध्ये ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू टिपतं. आता ठिपक्याच्या जागी गुडघा, खांदा, मनगट असलेला सांगाडा दिसतो.

या डेटावरून डिफेंडरचा पाय कधी टेकला, धड कोणत्या दिशेला होतं, धडक कुठे बसली, हे बऱ्यापैकी सांगता येईल. म्हणजे आपल्या यादीतल्या पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीला मशीन चांगली मदत करू शकतं. अडकतं ते दुसऱ्या ओळीत. 'वर जाण्याची हालचाल सुरू झाली' ही घटना शरीरात एका ठराविक क्षणी घडत नाही. ड्रिबल थांबतो, बॉल हातात येतो, गुडघा वाकतो, खांदे उचलतात, बॉल वर निघतो. यातलं 'सुरू' कोणतं? सेकंदाला हजार फ्रेम दिल्या तरी कॅमेरा हे ठरवू शकत नाही. तुम्हाला फक्त निवडायला जास्त फ्रेम मिळतील.

रिक्वायरमेंटच धूसर असेल तर कितीही भारी सर्व्हर लावा, टेस्ट पास होत नाही. आपल्याकडे हे रोजचंच आहे.

म्हणून नियमच बदलत राहतो

वेगवेगळ्या संस्थांनी 'ठरलेला क्षण' वेगवेगळा धरलाय, ते बघा:

- फिबा: अटॅकरचे पाय जमिनीवरून सुटायच्या आधी डिफेंडर जागेवर हवा.
- एनबीए: शूटची वर जाणारी हालचाल सुरू व्हायच्या आधी हवा.
- अमेरिकन कॉलेजचं पुरुष बास्केटबॉल: २०१३-१४ मध्ये 'वर जाणारी हालचाल' ही व्याख्या घेतली, मग पुन्हा 'हवेत जाण्याआधी' वर आले. २०२३-२४ पासून नवीन नियम आला: अटॅकर उडीसाठी शेवटचा पाय रोवतो, तोपर्यंत डिफेंडर जागेवर हवा.

तिसऱ्या संस्थेचा प्रवास मला फार बोलका वाटतो. पाय रोवणं ही घटना दिसते. बूट जमिनीला लागला की लागला. शिवाय ती उडीच्या आधी घडते, त्यामुळे शेवटच्या क्षणी वाटेत घुसणाऱ्याला चार्ज मिळणं कमी होतं आणि हवेतल्या खेळाडूला थोडं संरक्षण मिळतं. दोन्ही घटना आता पायांजवळच घडतात, म्हणजे रेफरीची नजरही एकाच उंचीवर राहते.

यात गमावलंही जातं बरं का. डिफेंडरला आता आणखी लवकर पोचावं लागतं, आणि अंदाज बांधून धावत येणाऱ्या हुशार डिफेंडरवर थोडा अन्याय होतो. कोणता क्षण निवडायचा, हे शेवटी खेळ कसा हवा आहे यावर ठरतं. तो निर्णय माणसांचाच.

पुढच्या वेळी मॅच बघताना

एक प्रयोग करून बघा. कोणी बास्केटकडे निघाला की बॉलवरची नजर काढा आणि मदतीला येणाऱ्या डिफेंडरच्या पायांकडे बघा. धडकेच्या आधी मनात म्हणा, "आला" किंवा "नाही आला". मग रिप्ले बघा. पहिल्या काही वेळा तुमचं सपशेल चुकेल. माझं अजूनही चुकतं. पण घरात बसून रेफरीला शिव्या घालायची सवय नक्की कमी होते.

रूममेटचा मागच्या महिन्यात फोन आला होता. बोलता बोलता ती फायनल निघालीच. मी त्याला सांगितलं, की डिफेंडर हलत होता हा तुझा मुद्दा नियमात बसत नव्हता, आणि तो पाठीवर पडला हा माझा मुद्दाही बसत नव्हता. विचारायचा प्रश्न एकच होता: तुझे पाय जमिनीवरून सुटले तेव्हा तो जागेवर होता का? आणि त्या क्षणी मी बॉलकडे बघत होतो.

"म्हणजे तुला दिसलंच नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं," मी म्हणालो. सात वर्षं उशीर झाला, पण निर्णय बदलला.